कोळशाच्या खाणीतली कॅनरी

आज एकच वाक्प्रचार घेतो, 'कॅनरी इन द कोल माइन'. हल्ली बातम्यांत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो सारखा कानावर पडतो आणि बहुतेक जण तो नुसता 'धोक्याची घंटा' म्हणून वापरतात, पण तेवढ्याने त्याचं काम भागत नाही.

कॅनरी म्हणजे तो छोटासा पिवळा गाणारा पक्षी. ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की माणसं स्फोटानेच गेली असं सगळे धरून चालायचे. १८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत ५७ जण गेले, तेव्हा जॉन स्कॉट हॉल्डेन ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने मृतदेह तपासले आणि दाखवून दिलं की बहुतेकांचा जीव नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतलाय. (ह्यांचाच मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन, नामवंत जीवशास्त्रज्ञ, जो पुढे भारतात येऊन इथलाच झाला.) ह्या वायूला वास नाही, रंग नाही, माणसाला काही जाणवेपर्यंत त्याच्या पायातलं बळच गेलेलं असतं. मग हॉल्डेन म्हणाले, सोबत एखादा लहान प्राणी न्या, कारण लहान जिवाचा श्वास भराभर चालतो आणि विष त्याला आधी चढतं. उंदीरही चालला असता, पण कॅनरी दांडीवर डुलायला लागली, खाली पडली की लगेच दिसतं. तेवढ्या वेळात माणसांनी मागे फिरायचं.

वाक्प्रचाराचा सगळा जीव ह्या 'तेवढ्या वेळात' आहे असं मला ठामपणे वाटतं. धोका सगळ्यांनाच आहे, एकाला तो आधी बाधतोय आणि बाकीच्यांच्या हातात अजून थोडा वेळ आहे, हे तिन्ही जुळलं तरच तो शब्द वापरावा. बेडकांना पर्यावरणवाले कॅनरी म्हणतात ते अगदी बरोबर, त्यांची कातडी पातळ असते, पाणी तिच्यातूनच आत जातं, त्यामुळे पाण्यातलं विष त्यांना आधी लागतं आणि तेच पाणी आपणही पितो. पण पूल कोसळल्यावर 'हा पूल म्हणजे कॅनरी होता' म्हणणं चुकीचं, तिथे वेळ संपलेला असतो. पुलाला महिनोन्महिने जी भेग दिसत होती, ती कॅनरी.

अजून एक, कॅनरी म्हणजे बळी असा अर्थ सर्रास लावतात आणि ते मला खटकतं. बचाव पथकांसाठी खास पिंजरे असायचे, वर ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर, पक्षी पडला की दार बंद करून ऑक्सिजन सोडायचा आणि तो पुन्हा उठून बसायचा. खाणकामगारांचा ह्या पक्ष्यांवर जीव होता, ते त्यांच्याशी शीळ घालून बोलायचे, १९८६ साली त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचं ठरलं तेव्हा अनेकांना वाईट वाटलं. म्हणून ऑफिसात एखादी ज्युनियर मुलगी कामाच्या ताणाने आधी कोलमडली आणि तुम्ही तिला टीमची कॅनरी म्हणालात, तर तिला सावरायचं कामही तुमच्याकडेच येतं.