पाच मिनिटांचा स्पॉट

[दृश्य : अंधेरीतला एक कॅफे. टेबलं भिंतीकडे सरकवली जातायत.]

मंगळवार किंवा बुधवार, संध्याकाळचे साडेसात. शनिवार-रविवारी कॅफेचा धंदा असतो, म्हणून नव्या कॉमेडियन्सच्या वाट्याला हेच वार येतात. कोपऱ्यात माइकचा स्टँड, त्यावर एकच दिवा. बाकी खोलीत अंधार, कारण उजेडात बसलेला माणूस हसायच्या आधी शेजारचा हसतोय का ते बघतो. खुर्च्या जितक्या खेटून तितकं बरं. तीस माणसं दाटीवाटीनं बसली की एकाचं हसू दुसऱ्याला लागतं. तीच तीस माणसं मोठ्या हॉलमध्ये बसवली, तर प्रत्येक जण घड्याळ बघतो.

याला म्हणतात ओपन माइक : स्टँडअप, म्हणजे एकट्यानं माइकसमोर उभं राहून विनोद करणाऱ्या नवख्यांची जोक तपासून बघायची जागा.

आत शिरायचा रस्ता साधा आहे. आयोजक इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकतो, खाली फॉर्मची लिंक असते. नाव, नंबर, किती दिवस करताय. निवडलेल्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर येते. पंधरा-वीस नावं, प्रत्येकाला चार किंवा पाच मिनिटं. कुठे स्पॉट फुकट, कुठे कॉमेडियनलाच पैसे मोजावे लागतात, कुठे निदान एक कॉफी मागवायची असते. काही ठिकाणी अट ‘ब्रिंगर’ची : सोबत प्रेक्षक म्हणून दोन मित्र आणा, मग माइक मिळेल. मित्र पहिल्यांदा हौसेनं येतात, दुसऱ्यांदा ओळखीखातर. तिसऱ्यांदा दोघांनाही एकदम ताप येतो.

[दृश्य : जिन्यात उभी मुलं-मुली. वह्या, मोबाइल. ओठ हलतायत, आवाज नाही.]

पदरचे पैसे खर्चून चार मिनिटं बोलायला लोक का येतात? तबलजी दार लावून रियाज करू शकतो. नाटकाची तालीम रिकाम्या हॉलमध्ये होते. विनोदाची होत नाही. आरशासमोर म्हटलेलं वाक्य जोक आहे की नुसतं वाक्य, हे आरसा सांगत नाही. त्याला अनोळखी माणसांचे कान लागतात, आणि सगळी धडपड त्या कानांसाठी आहे.

त्यातही समोर बसलेल्यांपैकी निम्मे कॉमेडियनच. त्यांचं लक्ष स्वतःच्या नोट्समध्ये. त्यांना जोक आवडला तर ते हसत नाहीत, मान हलवून ‘चांगलंय’ म्हणतात.

एकट्या माणसानं रंगमंच धरून ठेवायची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पु. ल. देशपांड्यांनी 1961 मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली. लक्ष्मण देशपांड्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चे तर गावोगाव प्रयोग झाले. पण तिथे संहिता बांधून झालेली असते, मग पडदा उघडतो. स्टँडअपमध्ये संहिताच लोकांसमोर बांधायची. म्हणून एकांकिका स्पर्धा गाजवून आलेली मुलं इथे सुरुवातीला हमखास अडखळतात. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, पण नजर शेवटच्या रांगेच्याही वर. प्रेक्षागृहात ते चालतं. इथे पहिली रांग तीन फुटांवर असते आणि तिला कळतं की हा आपल्याशी बोलत नाहीये.

[दृश्य : लोअर परळ, मग खार. रस्त्यावरून दिसणाऱ्या पाट्या.]

मुंबईला विनोदासाठी हक्काची कायमची जागा मिळाली 2010 मध्ये. लंडनच्या ‘द कॉमेडी स्टोअर’नं लोअर परळला शाखा काढली. पुढे तिचंच कॅनव्हास लाफ क्लब झालं. नंतरच्या पिढीचं नाव जोडलं गेलं ते खारच्या ‘हॅबिटॅट’ या कार्यक्रमांच्या जागेशी. 23 मार्च 2025 च्या रात्री, एकनाथ शिंदेंवरच्या, कॉमेडियन कुणाल कामराच्या व्यंगामुळे चिडलेल्या शिवसैनिकांनी हॅबिटॅटमध्ये तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक हातोडे घेऊन पोचलं, आणि जागा चालवणाऱ्यांनी कार्यक्रम थांबवले. बातम्यांत कामरा होता, राजकारण होतं. ज्याचा त्या आठवड्यात पाच मिनिटांचा स्पॉट होता, त्याच्याबद्दल बोलायला कुणाला वेळ नव्हता.

[दृश्य : एक तरुण माइकसमोर.]

हा बोरिवलीचा. दिवसा विम्याच्या ऑफिसात काम करतो. नाव सांगू नका म्हणाला, ऑफिसात माहीत नाही. नवखे करतात तेच तोही करतो : स्टँड बाजूला ठेवत नाही, लोकलच्या दांड्यासारखा धरून उभा राहतो. त्याच्या वहीतला एक जोक सुरुवातीला असा होता :

“माझे बाबा नुकतेच रिटायर झाले, घरी बसून त्यांना करमत नव्हतं, आईचीही चिडचिड व्हायला लागली होती, म्हणून ते सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि सेक्रेटरी झाले, आणि तुम्हाला सांगतो, पहिली नोटीस त्यांनी मलाच पाठवली होती.”

शांतता. पाठीमागे कुणीतरी फ्राइज मागवले. काउंटरवर मिक्सर सुरू झाला.

हसू येईपर्यंत शब्द फार, हा एक दोष. दुसरा मराठीत बोलणाऱ्या प्रत्येकाला गाठतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. गंमत ‘मलाच’वर आहे, आणि तिच्या मागोमाग ‘पाठवली होती’ येऊन बसतं. लोक हसायला तोंड उघडतात तेव्हा हा अजून बोलतोच आहे.

काही आठवड्यांनी तोच जोक असा झाला :

“बाबा रिटायर झाले. सोसायटीचे सेक्रेटरी झाले. पहिली नोटीस कुणाला? मला.”

हशा. आणि त्यावर :

“खाली सही... आपला विश्वासू.”

यावर मोठा हशा. ही सही वहीत नव्हती. एका रात्री हशा जरा लांबला, पुढचं वाक्य आठवेना, आणि वेळ मारून न्यायला तो हे बोलून गेला. मग त्याला आणखी एक शेपूट फुटलं : “आयुष्यात पहिल्यांदा बाबा मला ‘आपला’ म्हणाले.” कॉमेडियन्सच्या भाषेत हा टॅग. घरी बसून तो कदाचित सुचलाही असता, पण ठेवायचा की खोडायचा हे घरी कळलं नसतं.

खिशातला फोन सगळं रेकॉर्ड करत असतो. परतीच्या ट्रेनमध्ये ते ऐकणं हा या कामातला सगळ्यात जिवावर येणारा भाग. स्टेजवर जो हशा छप्पर उडवणारा वाटला, तो रेकॉर्डिंगमध्ये दोन माणसांचा निघतो. त्यातला एक होस्ट.

[दृश्य : अंधारात मागून मोबाइलचा टॉर्च लागतो.]

हा उजेड म्हणजे एक मिनिट उरलं. तो दिसूनही बोलत राहणं हा इथला मोठा गुन्हा, कारण ती मिनिटं पुढच्याच्या वाट्यातून जातात. हशा मिळत असलेला माणूस थांबत नाही, हे समजू शकतं. पण ज्याचं काहीच चालत नाही तो तर हटतच नाही. एक तरी जोक लागेल या आशेवर तो सहा मिनिटं घेतो. आयोजक वहीत काही लिहीत नाही, पण पुढच्या यादीत ते नाव नसतं.

यादीत मुली थोड्याच. होस्ट उत्साहानं ओरडतो, “आता येतेय एक मुलगी, टाळ्या!” बाकीच्यांची ओळख नावानं झालेली असते. तिचं पहिलं अर्धं मिनिट ती ओळख पुसण्यात जातं. आणि ओपन माइक लांबला की तिला घरून फोन सुरू होतात, म्हणून ती पहिल्या पाचांत स्पॉट मागते. तेव्हा खोली अर्धी रिकामी असते.

पाच मिनिटं पक्की झाली की लाइनअप शोचं, म्हणजे निवडक कॉमेडियन्सच्या एकत्र कार्यक्रमाचं, बोलावणं येऊ शकतं. तिथे प्रेक्षक तिकीट काढून येतात, म्हणजे हसायच्या तयारीनं. मग दहा मिनिटं, मग एखाद्या नावाजलेल्या कॉमेडियनच्या आधी उभं राहणं. स्वतःचा तासाभराचा शो ही काही वर्षांची गोष्ट. मानधनाचं म्हणाल तर सुरुवातीला जाण्यायेण्याचं भाडं सुटलं तरी खूप. आणि जमलेला जोक यूट्यूबवर टाकला की स्टेजवर शिळा होतो, म्हणून रील्समध्ये बहुतेक जण पहिल्या रांगेतल्या माणसाशी मारलेल्या गप्पाच टाकतात. त्यात खर्च होतो तो त्या माणसाचा.

मराठीत करायचं की हिंदीत, हा हिशेब वेगळाच. 2016 मध्ये ‘भाडिपा’ (भारतीय डिजिटल पार्टी) हे मराठी चॅनल सुरू झालं, त्यांनी मराठी स्टँडअप यूट्यूबवर आणलं आणि तरुण प्रेक्षक तयार झाला. पण रोजच्या ओपन माइकला अजून हिंदीच चालते. मराठी शोला लोक सहकुटुंब येतात, पहिल्या रांगेत एखादी मावशी असते आणि शिवीवर उभा असलेला जोक तिथेच आडवा होतो. आमच्या मते हे बरंच आहे. शिवी काढल्यावर जोकमध्ये काय उरतं ते लगेच कळतं. सदाशिव पेठ आणि दुपारी एक ते चार यांवरचे जोक मात्र आता खरोखर पुरे.

बोरिवलीच्या मुलाला ठाण्यात पहिला मराठी लाइनअप मिळालाय. दहा मिनिटं. बाबा येतो म्हणालेत, सोसायटीची मीटिंग वेळेत आटोपली तर.