रेवा: सीटखालच्या आठ बॅटऱ्या

ही चपटी, पाठीवर सोलर पॅनेल लावलेली गाडी दिसतेय ना, ही सनरनर. साल १९९०. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या पोरांनी बनवलेली, आणि त्या पोरांत आपल्या बंगळुरूचा चेतन मैनी. अमेरिकेतली सोलर रेस जिंकली, मग ऑस्ट्रेलियात डार्विन ते अ‍ॅडलेड, ३,००० किलोमीटर, नुसत्या उन्हावर, तिथे तिसरा नंबर. पेट्रोलचा थेंब न टाकता गाडी पळते हे विसाव्या वर्षीच बघितलं, मग ते डोक्यातून जातंय कुठे.

पुढे स्टॅनफर्ड, मग कॅलिफोर्नियात अमेरिगॉन कंपनीत इलेक्ट्रिक गाड्यांचंच काम. १९९४ मध्ये वडिलांचा मैनी ग्रुप आणि अमेरिगॉन यांनी मिळून कंपनी काढली, आणि त्यांच्या इलेक्ट्रिक गाडीला नाव दिलं रेवा, चेतनच्या आईचं नाव.

आता पुढची सीट उचलतायत तिकडे बघा. ओळीने आठ बॅटऱ्या, प्रत्येकी ६ व्होल्टची, मिळून ४८. लिथियम वगैरे नाही, साधी लेड-अ‍ॅसिड, आपल्या घरच्या इन्व्हर्टरची असते त्याच जातीची, डिस्टिल्ड वॉटर टाकत राहावं लागणारी. चार्जिंग स्टेशन तेव्हा होतं कुठे, म्हणून गाडीच अशी बनवली की घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर, जिथे आपण गीझर लावतो ना तिथेच, वायर खोचायची, अडीच तासात ८० टक्के चार्ज. फुल चार्जवर साधारण ८० किलोमीटर. आत स्टीलचा सांगाडा, वरून एबीएस प्लास्टिकचे पॅनेल, पत्रा नाहीच. मला तर हीच खरी इंजिनिअरिंग वाटते, जे हाताशी आहे त्यातून रस्त्यावर धावणारी गाडी काढायची.

२००१ मध्ये रेवा बंगळुरूच्या रस्त्यावर आली. आणि हे लंडन, इथे तिचं नाव जी-विझ, शहरात शिरताना लागणारा कंजेशन चार्ज हिला तेव्हा माफ होता, त्यामुळे तिथे ती बऱ्यापैकी खपली.

क्रॅश टेस्टवरून टीका झाली, भारतात विक्री कमीच राहिली, २०१० मध्ये महिंद्राने कंपनीतला ५५.२ टक्के हिस्सा घेतला.

चेतन मैनी मात्र बॅटरीतच अडकलेले. २०१७ मध्ये सन मोबिलिटी सुरू केली, बॅटरी बदलून देणारी. हा रिक्षावाला बघा, उतरलेली बॅटरी बाहेर ओढली, भरलेली आत सरकवली, आणि निघाला.