रामोन्स : पहिल्या चार अल्बमच्या पुढे

[दृश्य : ब्युनोस आयर्स, 16 मार्च 1996. रिव्हर प्लेट स्टेडियम, तुडुंब.]

हे मैदान फुटबॉलचं. 1978 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला. आज इथे इगी पॉप गाऊन गेलाय, जर्मनीचे डी टोटन होझेन वाजवून गेलेत, आणि गर्दी अजूनही ज्यांची वाट बघतेय ते चौघं न्यूयॉर्कहून आलेत. काळी लेदर जॅकेटं, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स. रामोन्स. मायदेशात या बँडसाठी असं स्टेडियम कधी भरलं नाही. इथली पोरं मात्र 1976 ची गाणी जेवढ्या जोरात म्हणतात, तेवढ्याच जोरात 1989 ची आणि 1992 चीही म्हणतात. म्हणजे ज्या काळावर पंकच्या (साध्या, वेगवान, उद्धट रॉकच्या) जाणकारांनी केव्हाच फुली मारली, त्या काळातली गाणी.

जाणकारांचा निकाल ठरलेला आहे. 1976 चा 'रामोन्स', 1977 चे 'लीव्ह होम' आणि 'रॉकेट टू रशिया', 1978 चा 'रोड टू रुइन'. हे चार ऐका, पुढचं सोडून द्या. या चारांबद्दल वाद घालायचं कारणच नाही. पहिला अल्बम साधारण 6,400 डॉलरमध्ये उरकला होता. 14 गाणी, आणि अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. लांबलचक सोलोंना कंटाळलेल्या पोरांना त्या अर्ध्या तासात कळलं की गिटारवर तीन कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) येत असतील तर आपणही बँड काढू शकतो.

पण बँड चालला 1996 पर्यंत. स्टुडिओ अल्बम झाले 14. चार डोक्यावर घेतले आणि दहा अडगळीत टाकले. चाहते भांडतात ते या दहांसाठी, आणि आम्ही त्यांच्या बाजूने आहोत.

दहाच्या दहा उत्तम आहेत, असं त्यांच्यातलं कुणीच म्हणत नाही. 'ॲसिड ईटर्स' हा दुसऱ्यांची गाणी गायलेला अल्बम एकदा ऐकून ठेवून द्यावा असाच आहे. 'ॲनिमल बॉय'मध्ये कीबोर्ड गिटारवर कुरघोडी करतो. हे मान्य करूनच पुढे बोलायचं.

[दृश्य : 'एंड ऑफ द सेंच्युरी'चं मुखपृष्ठ. जॅकेटं गायब, रंगीत टी-शर्ट.]

'बँड विकला गेला' हा आरोप पहिल्यांदा झाला तो 1980 च्या या अल्बमवर. निर्माता फिल स्पेक्टर, साठच्या दशकातला मोठा माणूस. एका गाण्याची सुरुवातीची एकच कॉर्ड त्याने गिटारवाल्या जॉनीकडून तासन्‌तास पुन्हा पुन्हा वाजवून घेतली. एका गाण्यात तर व्हायोलिनं आली. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. पण गंमत बघा, अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत रामोन्सचा सगळ्यात वर गेलेला अल्बम हाच, 44 व्या क्रमांकापर्यंत. पहिला अल्बम 111 च्या वर सरकला नव्हता आणि त्याला अमेरिकेत गोल्ड दर्जा (पाच लाख प्रतींचा) मिळायला 2014 उजाडलं. तेव्हा सुरुवातीचा यशाचा काळ आणि मग घसरण, ही गोष्टच मुळात खोटी आहे. यश त्यांना कधीच मिळालं नव्हतं. मिळत नव्हतं, तरी ते गाणी लिहीत राहिले.

आणि कुठल्या परिस्थितीत! गायक जोई आणि गिटारवाला जॉनी यांच्यात विस्तव जात नव्हता. जोईची मैत्रीण त्याला सोडून जॉनीकडे गेली, पुढे त्यांनी लग्न केलं. त्यानंतर बँड संपेपर्यंत ही दोघं कामापुरतंसुद्धा जेमतेम बोलायची. प्रवास एकाच व्हॅनमधून, रात्री एकाच मंचावर. ऑगस्ट 1983 मध्ये रस्त्यावरच्या मारामारीत जॉनीची कवटी फुटली, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. तो उठला, आणि 1984 मध्ये आला 'टू टफ टू डाय'.

नंतरच्या रामोन्सची बाजू मांडताना चाहते पहिला हाच अल्बम समोर ठेवतात, आणि बरोबर करतात. पहिला ड्रमर टॉमी निर्माता म्हणून परत आला, जोडीला एड स्टेशियम. तोपर्यंत अमेरिकेत हार्डकोर, म्हणजे आणखी वेगवान आणि आक्रमक पंक, जोरात होतं. रामोन्सकडून शिकलेली पोरं रामोन्सपेक्षा वेगाने वाजवत होती. बँडने ते ऐकलं आणि उत्तर दिलं. 'वॉर्ट हॉग' ऐका. जोई बाजूला, माइकवर बासवादक डी डी, आणि तो गात नाही, अक्षरशः भुंकतो. खाली जॉनीचा उजवा हात फक्त वरून खाली. डाउनस्ट्रोक, प्रत्येक ठोका, हात वर जाताना तारेला स्पर्श नाही. या वेगात हे दोन मिनिटं करून बघा, मनगट बोलू लागतं. हा माणूस रात्रीच्या रात्री, तीस-तीस गाणी तसाच वाजवायचा.

[दृश्य : बिटबुर्ग, पश्चिम जर्मनी. 5 मे 1985. राष्ट्राध्यक्ष रेगन पुष्पचक्र वाहताना.]

आता एका गाण्यापाशी थांबायला हवं. बिटबुर्गच्या या लष्करी दफनभूमीत हिटलरच्या वाफेन-एसएस या नाझी सशस्त्र दलाचे 49 सैनिकही पुरलेले आहेत. अमेरिकेत गदारोळ झाला, ज्यू संघटनांनी विनवण्या केल्या, तरी रेगन गेले. जोईचं खरं नाव जेफ्री हायमन, घर ज्यू. त्याने डी डी आणि जाँ बोव्हॉर यांच्याबरोबर गाणं लिहिलं : 'बॉन्झो गोज टू बिटबुर्ग'. बॉन्झो म्हणजे रेगन यांच्या जुन्या सिनेमातला चिंपांझी. आणि जॉनी? तो पक्का रिपब्लिकन, रेगनचा कट्टर समर्थक. त्याने अल्बमवर गाण्याचं नाव बदलायला लावलं. मूळ नाव उरलं ते कंसात.

हे गाणं 1976 मध्ये झालं नसतं. पहिल्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात याच बँडने नाझी पोराचं सोंग घेतलं होतं, नुसतं लोकांना डिवचायला. नऊ वर्षांनी तोच बँड त्याच विषयावर मनापासून संतापलेला आहे, दुखावलेला आहे. जोईच्या आवाजातला तो कढ आधीच्या चार अल्बममध्ये शोधून सापडत नाही. जे म्हणतात की रामोन्सनी वीस वर्षं एकच गाणं वाजवलं, त्यांनी ही दोन गाणी एकामागोमाग एक ऐकावीत.

1989 चं 'पेट सिमेटरी' घ्या. स्टीफन किंगच्या कादंबरीवरच्या सिनेमासाठी केलेलं. वाईट गाण्याच्या रॅझी 'पुरस्कारा'साठी त्याला नामांकन मिळालं. आणि चाहत्यांनी ते गाणं इतकं उचलून धरलं की बँड शेवटपर्यंत ते वाजवत राहिला.

त्याच वर्षी डी डी बँड सोडून गेला. बहुतेक बँड इथे संपतात. त्याच्या जागी आला सी. जे., वय 23, सैन्याच्या मरीन दलातून. 30 सप्टेंबर 1989 ला इंग्लंडमध्ये लेस्टरला त्याचा पहिला कार्यक्रम झाला. बाहेर पडलेला डी डी मात्र गाणी देत राहिला. 1992 च्या 'मोन्डो बिझारो'मधलं 'पॉयझन हार्ट' त्यानेच डॅनियल रे याच्याबरोबर लिहिलं. त्याचा वेग रामोन्सच्या मानाने निम्मा. चाळिशी ओलांडलेला जोई इथे घाई करत नाही, शब्द लांबवतो, सुराला टेकतो. जगाला विटलेल्या माणसाचं गाणं आहे, आणि ते गायला तेवढं वय लागतं. आमच्या मते त्यांच्या पहिल्या पाच गाण्यांत हे बसतं.

[दृश्य : पुन्हा ब्युनोस आयर्स. 1987 ची पोस्टरं, ओब्रास स्टेडियम.]

मग अर्जेंटिनातच हे का घडलं? लष्करशाही 1983 मध्ये संपली. त्याच्या आदल्या वर्षी, ब्रिटनशी युद्ध चालू असताना, इंग्रजी गाणी रेडिओवरून हटली होती. लोकशाही येऊन चार वर्षंही झाली नव्हती तेव्हा, 1987 मध्ये, रामोन्स पहिल्यांदा इथे आले. त्याच वर्षी फ्लोरेस वस्तीत अताके 77 हा स्थानिक पंक बँड उभा राहिला. 1991 मध्ये सरकारने चलन डॉलरला बांधलं, परदेशी बँड आणणं परवडू लागलं, आणि रामोन्स जवळपास दरवर्षी येऊ लागले. रामोन्स जिथून पुढे आले तो न्यूयॉर्कचा सीबीजीबी क्लब या पोरांनी पाहिला नव्हता. त्यांच्यासाठी रामोन्स म्हणजे समोर उभे असलेले रामोन्स, सी. जे. सकट, 'मोन्डो बिझारो' सकट. नवा अल्बम आला की तो जुन्याच्या तराजूत न घालता ते ऐकत होते. 1976 मध्ये न्यूयॉर्कने पहिला अल्बम असाच ऐकला होता.

6 ऑगस्ट 1996 ला लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला, 2,263 वा. जोई 2001 मध्ये गेला, डी डी 2002 मध्ये, जॉनी 2004 मध्ये, टॉमी 2014 मध्ये.

ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी 'टू टफ टू डाय' संपूर्ण. मग 'बॉन्झो गोज टू बिटबुर्ग'. मग 'ब्रेन ड्रेन'मधलं पहिलं गाणं 'आय बिलीव्ह इन मिरॅकल्स', जे पर्ल जॅम हा अमेरिकी रॉक बँडवाले आपल्या कार्यक्रमांत वाजवत आलेत. मग 'पॉयझन हार्ट', तेही हेडफोन लावून. 1976 चा अल्बम त्यानंतर लावा.