"डोळ्यावर पडदा आलाय" म्हणजे नेमकं कुठं?

नमस्कार, डोळे तपासायला शिकणाऱ्या मित्रांनो. आज चष्म्याचा नंबर काढायचा नाही, त्यासाठीचा रेटिनोस्कोप पेटीतच राहू द्या. आज एकाच शब्दावर बोलायचंय. पडदा.

समजा, तुमची डोळ्यांच्या शिबिरात ड्यूटी लागलीय. गंगाखेडच्या बाजूचं एखादं गाव, मारुतीच्या देवळापुढं मंडप, सहा मीटरवर टांगलेला तक्ता, सकाळी आठपासून रांग. पहिले आजोबा स्टुलावर बसतात, धोतराचा सोगा सावरतात आणि म्हणतात, "पडदा आलाय बघा डोळ्यावर. दिसंना गेलंय." मागची मावशी म्हणते, "मला बी पडदाच आलाय." तिसरा गडी पंचेचाळीसचा. तो म्हणतो, "एका डोळ्यावर पडदा आल्यावानी झालंय, चार दिवस झाले."

आणि तुम्ही तिन्ही कार्डांवर लिहिता: मोतीबिंदू, पुढे प्रश्नचिन्ह.

हसू नका, मीही हेच लिहायचो. शिकत असताना अशाच एका शिबिरात मी एका माणसाच्या कार्डावर हेच लिहिलं आणि त्याला तीन आठवड्यांनंतरची ऑपरेशनची तारीख दिली. तो सांगत होता, "पडदा खालून वर चढतोय." मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात फक्त 'पडदा' शिरला. 'खालून वर' हे दोन शब्द सांडून गेले. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा रेटिना, म्हणजे डोळ्यातला मागचा उजेड टिपणारा थर, मॅक्युलासकट, म्हणजे बारीक बघायच्या मधल्या जागेसकट, सुटलेला होता. ऑपरेशन झालं, पण वाचण्यापुरती नजर काही परत आली नाही. तेव्हापासून पडदा म्हटलं की मी पेन खाली ठेवतो.

मोतीबिंदू पटकन सुचतो, कारण तो असतोही तितकाच. भारतात आंधळेपणाचं सगळ्यात मोठं कारण आजही तोच आहे. आपल्या भागात तर तो घराघरात माहीत आहे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने जे.जे.मध्ये हेच ऑपरेशन करून नावाजले, त्यामुळे मुंबईला जाऊन डोळा करून आलेला एखादा तरी पाहुणा प्रत्येकाच्या ओळखीत निघतो. लोकांनी ठरवूनच टाकलंय, पडदा म्हणजे मोतीबिंदू. पण लोकांनी ठरवलं म्हणून आपण ठरवायचं नसतं.

तर मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातली लेन्स गढूळ होणं. त्याचा पडदा कसा असतो? दुखत नाही. हळूहळू येतो, महिन्या-वर्षांच्या हिशोबानं. आणि सगळीकडं सारखा असतो, धुरकट काचेतून बघितल्यासारखा. त्याला खालची-वरची बाजू नसते, कडा नसते. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्यातही गमती आहेत. एखादी आजी सांगते, "माझा चष्मा सुटला बाबा, आता सुईत दोरा ओवते." घरचे खूश. तुम्ही खूश होऊ नका. लेन्सचा मधला भाग, म्हणजे न्यूक्लियस, घट्ट होत गेला की डोळा मायनसकडं सरकतो. काल प्लस दोन होता तो आज मायनस एक निघतो, म्हणून जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं. लांबचं मात्र गेलेलं असतं, आणि ते आजीला जाणवत नाही, कारण तिला एसटीची पाटी वाचायचीच नसते. उलट एखादा माणूस म्हणतो, "उन्हात दिसत नाही, दिवस कलला की बरं दिसतं." त्याची लेन्स मागच्या बाजूनं गढूळ झालेली असू शकते. उन्हात बाहुली बारीक होते आणि तो डाग बरोबर वाटेत येतो. अशाला विचारा: साखर आहे का? दम्याच्या, सांध्याच्या नावाखाली स्टेरॉईडच्या गोळ्या चालू होत्या का? आणि त्याच्या बाबतीत पिनहोलवर, म्हणजे बारीक भोकातून बघायला लावण्यावर, विसंबू नका, पिनहोल लावून त्याला आणखी कमी दिसू शकतं.

आता मावशीकडं या. तिला विचारा, "पडदा कुठं आहे, दाखवा बरं." ती बोट लावते थेट नाकाकडच्या कोपऱ्यात. हा पडदा आतला नाही, वरचा आहे. पुस्तकात टेरिजियम, गावात 'मांस वाढलंय'. ऊन, वारा, धूळ यात दिवस काढणाऱ्यांना जास्त होतो. आपल्याकडं खुरपणीला जाणाऱ्या बाया आठवा, गॉगल कोण देतं त्यांना? आपलं काम इथं नंबरात आहे. हे मांस कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, आडव्या रेषेत चपटं करतं, त्यामुळं सिलिंडर, म्हणजे चष्म्यातला तिरका नंबर, वाढत जातो. दर सहा महिन्यांनी सिलिंडर बदलतोय आणि चष्म्याच्या दुकानाला दोष दिला जातोय, असं दिसलं की पापणी वर करून नाकाकडची बाजू बघा. बाहुलीच्या दिशेनं सरकत असेल तर सर्जनकडं. नुसतं कापून सोडलं तर ते पुष्कळदा परत येतं, म्हणून हल्ली त्या जागी स्वतःच्याच कंजंक्टायव्हाचा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाचा, तुकडा बसवतात.

एक मधलीच गोष्ट. बीडकडचे ऊसतोड कामगार असतील तर तारीख देण्याआधी विचारा, "कारखान्याला कधी निघणार?" दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता खांद्यावर पडला की ते कुटुंब गुढीपाडव्याच्या आसपासच परत येतं. "पुढच्या महिन्यात या" हे वाक्य त्यांच्यासाठी काहीच नसतं. काचबिंदूच्या माणसाला तर थेंब किती महिने पुरतील हेच आधी मोजून द्यावं लागतं.

[टॉर्च हातात घेऊन]

आता तो तिसरा गडी. पंचेचाळीसचा, एक डोळा, चार दिवस. इथं तीन प्रश्न विचारा, याच क्रमानं. पडदा कुठून आला? त्याआधी काही चमकलं का, विजेसारखं? काळ्या माशा, जाळं, काजळी उडताना दिसली का?

हो म्हणाला तर घाई करा. विट्रियस, म्हणजे डोळ्यात भरलेली जेली, रेटिनाला ओढतो तेव्हा चमक दिसते. रेटिनाला चीर पडली की माशा आणि काजळी दिसते. त्या चिरेतून पाणी मागं शिरलं की रेटिना भिंतीवरच्या ओल आलेल्या रंगासारखा सुटत जातो. यालाच कडा असलेला पडदा म्हणतात. आणि इथं विद्यार्थी नेहमी गोंधळतात: डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून पडदा खालून चढत असेल तर सुटलाय तो वरचा रेटिना. वरून सुटलेला वजनानं झपाट्यानं खाली येतो आणि मॅक्युला गाठतो. मॅक्युला अजून चिकटलेला असताना ऑपरेशन झालं तर नजर वाचण्याची आशा खूप जास्त. म्हणजे ज्याला तक्त्यावर अजून सहा-नऊ, म्हणजे जवळजवळ सगळं, दिसतंय, तोच सगळ्यात तातडीचा पेशंट. आपल्याला उलटं वाटतं. "याला तर चांगलं दिसतंय, थांबू दे" असं म्हणून आपण त्याला रांगेत मागं सारतो.

शिबिरात स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र, नसेल तरी दोन गोष्टी होतातच. एक, कडेची नजर: समोर बसा, त्याचा एक डोळा झाकायला लावा, आपला समोरचा झाका आणि चारही कोपऱ्यांतून बोटं दाखवा. दोन, टॉर्च. या डोळ्यावरून त्या डोळ्यावर, दोन-दोन सेकंद. एका डोळ्यावर उजेड आल्यावर बाहुली बारीक व्हायच्या ऐवजी मोठी होत असेल तर तो आरएपीडी, म्हणजे त्या डोळ्याकडून मेंदूला उजेडाची खबर कमी जातेय. आता ऐका: मोतीबिंदू कितीही पिकला, पार पांढरा झाला, तरी एकट्या मोतीबिंदूनं त्या डोळ्यात आरएपीडी येत नाही. आला तर मागं रेटिनात किंवा नसेत काहीतरी बिघडलंय. म्हणून टॉर्चचे सेल नवे ठेवा. वीस रुपयांची गोष्ट आहे, त्यात काटकसर नको.

पिकलेल्या मोतीबिंदूमागं फंडस, म्हणजे डोळ्याची आतली मागची बाजू, दिसत नाही, तिथंही टॉर्चच. चार दिशांनी उजेड दाखवायचा आणि "कुठून येतोय?" विचारायचं. एका दिशेला माणूस चुकायला लागला तर कार्डावर लाल पेननं लिहा.

साखरेच्या माणसाचा पडदा अजून वेगळा. रात्री नीट झोपला, सकाळी डोळ्यात धूर. कधी लालसर, कधी शाई सांडल्यासारखा. नव्यानं उगवलेल्या कच्च्या रक्तवाहिन्यांमधून विट्रियसमध्ये रक्त उतरलेलं असतं. दुःख याचं की हे व्हायच्या कितीतरी आधी फंडसवर बारीक लाल ठिपके दिसत होते, आणि तेव्हा हाच माणूस सहा-सहा, म्हणजे नॉर्मल नजरेची ओळ, वाचून घरी गेला होता. साखर आहे म्हटलं की डायलेट करा, म्हणजे थेंबानं बाहुली मोठी करून आत बघा, नजर कितीही असो.

"ऑपरेशन केलं होतं, परत मोतीबिंदू आला" असं म्हणणारा हमखास भेटतो. मोतीबिंदू परत येत नाही, लेन्सच काढलेली असते. मागं ठेवलेली पातळ पिशवी उरलेल्या पेशींमुळं गढूळ होते. यॅग लेझरनं तिला मधोमध खिडकी पाडतात, दहा मिनिटांचं काम. ऑपरेशन फसलं म्हणून गावभर सांगत फिरण्याआधी त्याला हे समजावून सांगा.

आता पडद्याचा मावसभाऊ, 'फूल', म्हणजे कॉर्नियावर उरलेला पांढरा डाग. हंगाम लक्षात घ्या. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, मग ऊस, मग ज्वारीची काढणी. डोळ्यात पातं लागतं, कूस जाते. कुणीतरी पदराच्या टोकानं काढतं, मग मेडिकलवरून लाल डोळ्याचा थेंब येतो. त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. दोन दिवस बरं वाटतं, आणि आत बुरशी फोफावते. शेतातल्या जखमेनंतर पांढरा, कोरडा दिसणारा डाग, पिसासारख्या कडा, शेजारी छोटे ठिपके असं असेल तर बुरशीचा अल्सर धरूनच चाला. फ्लुरोसीनची, म्हणजे जखम दाखवणाऱ्या रंगाची, कागदी पट्टी लावा, निळ्या उजेडात हिरवं चमकलं की जखम उघडी आहे. पट्टी बांधून डोळा झाकू नका, थेंब आधी बंद करा, बाटली सोबत घेऊन त्याच दिवशी कॉर्नियाच्या डॉक्टरांकडं पाठवा. ते जखम खरडून केओएचच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघतील आणि नॅटामायसिन हे बुरशीचं औषध सुरू करतील. उशीर झाला तर जे उरतं ते फूल, आणि त्यावर चष्म्याचा नंबर नाही.

काचबिंदू राहिला, कारण तो पडदा म्हणून येतच नाही. कडेची नजर खाल्ली जाते आणि मेंदू ती जागा भरून काढतो. माणूस चौकटीला खांदा धडकवतो आणि वयाला दोष देतो. त्याच्यावर अख्खा व्हिडिओ वेगळा करतो. इतकंच सांगतो, डोळ्यातलं प्रेशर सोळा, म्हणजे नॉर्मल, आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, डिस्क, म्हणजे डोळ्याची नस जिथं सुरू होते ती जागा, बघा.

आणि एक पडदा असा, की तुम्ही तपासता तेव्हा तो नसतोच. "एका डोळ्यापुढं काळा पडदा पडला, पाच मिनिटांनी उठला. आता एकदम बेस." नजर सहा-सहा, सगळं नॉर्मल. त्याला "काही नाही, ताण असेल" म्हणून पाठवू नका. मानेतल्या रक्तवाहिनीतून सुटलेली गुठळी डोळ्यात अडकून पुढं सरकलेली असू शकते. पुढची मेंदूत गेली तर लकवा. त्याच दिवशी फिजिशियन, सोबत नातेवाईक.

आता तुमच्यासाठी एक केस. सेलूच्या बाजूच्या एक काकू, साखर बारा वर्षांपासून. "आठवडा झाला, पडदा आलाय, सगळं गढूळ दिसतंय, चक्कर येते." उजवा डोळा झाकला की पडदा जातो. डावा झाकला तरी जातो. दोन्ही उघडे ठेवले की परत येतो. नंबर सारखा, लेन्स ठीक, फंडस ठीक. काकूंना तुम्ही पुढचा प्रश्न कोणता विचाराल, आणि बोट कुठल्या दिशेला फिरवून बघाल?