डिकन्सची कुरकुर आणि गॅस्केलबाईंची 'नॉर्थ अँड साउथ'

नमस्कार मंडळी. आज एका जुन्या इंग्रजी कादंबरीवर लोक काय काय बोलतात त्याबद्दल. कादंबरी एलिझाबेथ गॅस्केल यांची, 'नॉर्थ अँड साउथ'. पाद्री बापाच्या मनात धर्माविषयी शंका आली, त्याने चर्च सोडलं, म्हणून मार्गारेट हेल दक्षिणेतलं हिरवंगार गाव सोडून उत्तरेत मिल्टनला येते, धुराड्यांचं गाव, म्हणजे मँचेस्टरच समजा, आणि तिथला गिरणीमालक जॉन थॉर्नटन तिच्या प्रेमात पडतो, ती त्याला झिडकारते, मधे संप, दगडफेक, बाकीचं तुम्ही ओळखलंच असेल.

वाचणाऱ्यांचे सरळ दोन गट. एक थॉर्नटनवर फिदा. २००४ला बीबीसीने यावर चार भागांची सिरियल केली, त्यात रिचर्ड आर्मिटेज थॉर्नटन झाला आणि तेव्हापासून हा गट वाढतच चाललाय. (सिरियल बघून "पुस्तक मस्त आहे हं" म्हणणारे मला भेटतात, त्यांना मी शेवट विचारते. रेल्वे स्टेशन म्हणाले की समजायचं, पुस्तक उघडलेलंच नाही.) दुसरा गट म्हणतो, फार रेंगाळते हो, आणि किती माणसं मरतात!

आता ही रेंगाळण्याची तक्रार सगळ्यात आधी कुणी केली माहितीये? खुद्द चार्ल्स डिकन्सने. आणि हा किस्सा मला सांगायचाच आहे.

कादंबरी आधी डिकन्सच्याच 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात आली, सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५, दर आठवड्याला एक तुकडा. त्याआधी तिथेच त्याची स्वतःची 'हार्ड टाइम्स' चालू होती, तीही गिरणीगावाचीच, त्यामुळे बाईंना धास्ती की हा संप आधीच वापरून टाकतोय की काय. डिकन्सने पत्र लिहून कळवलं, घाबरू नका, मी संप करणार नाही. नाव बाईंच्या मनात होतं 'मार्गारेट हेल', डिकन्स म्हणाला 'नॉर्थ अँड साउथ' बरं, दोन विरुद्ध माणसं समोरासमोर येतात ते त्यात कळतं. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीने. मग मजकूर यायला लागला. आठवड्याच्या तुकड्याला शेवटी उत्कंठा हवी, आणि बाई निवांत आपल्या चालीने लिहितायत. बाप मुलीला आपल्या शंका सांगतो तो प्रसंग कमी करा, असं त्याने सांगितलं, बाईंनी फारसं मनावर घेतलं नाही. साप्ताहिकाचा खप उतरल्याचं कळलं तेव्हा त्याने आपला सहसंपादक विल्स याला लिहिलं, मला नवल वाटत नाही, तुकड्यातुकड्यांनी ही गोष्ट अतिशय कंटाळवाणी होते. आणि बाई? त्यांनी डिसेंबरात डिकन्सलाच लिहिलं की 'मृत्यू आणि त्याचे प्रकार' हे नाव जास्त शोभलं असतं, पाच मृत्यू आहेत, आणि प्रत्येक ज्याच्या त्याच्या स्वभावाला साजेसा! म्हणजे मरणांची तक्रारही लेखिकेनेच आधी करून ठेवलेली, तीही हसत.

मी बाईंच्या बाजूने. संपादकाची कात्री चांगलीच असते असं जे हल्ली सगळे म्हणतात ना, ते मला पटत नाही, आपल्याकडचे दिवाळी अंक बघा, जाहिरातींना पानं असतात, कथेला नसतात, असो.

रेंगाळते म्हणून काय मिळतं ते सांगते. थॉर्नटन पहिल्यांदा चहाला येतो तेव्हा मार्गारेटच्या हातातलं कडं सारखं घसरून मनगटावर येतं, ती ते वर सारते, ते पुन्हा खाली येतं, आणि हा गिरणीमालक बाकी सगळं सोडून तेच बघत बसतो. आणि निघताना तो हात पुढे करतो, तिच्याकडे तशी रीत नाही, ती नुसती मान लववते, झालं, गर्विष्ठ आहे म्हणून हा घरी जातो.

मग बेसी हिगिन्स. कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, काम करून छातीत कापसाचे तंतू गेलेली पोरगी. गिरणगावातल्या लोकांना हा खोकला मी काय समजावून सांगणार. (योगायोग बघा, मुंबईची पहिली कापड गिरणी काढायला कावसजी दावरांनी कंपनी उभी केली तीही १८५४लाच.) बेसी सांगते, धूळ ओढून न्यायला एक मोठं चाक बसवता येतं, पण पाचसहाशे पौंड लागतात, आणि नफा शून्य, म्हणून फार थोडे मालक बसवतात. पुढचं ऐका हं. काही कामगारांनाही चाक नको होतं! तंतू गिळायची सवय झालेली, ते बंद झाले तर भूक लागते, म्हणून चाक लावायचं तर पगार वाढवा, असं त्यांचं म्हणणं.

थॉर्नटनवाल्यांनो, हे पान वाचा आणि मग सांगा तो आवडतो का. मला आवडतो, पण ते पान वाचल्यावर जरा अवघडून आवडतो.

शेवट घाईत गुंडाळलाय ही तक्रार मात्र खरी. साप्ताहिकाच्या जागेत तो मावेना, म्हणून पुस्तक करताना बाईंनी शेवटाकडे भर घातली. तेव्हा वाचायची तर पुस्तकवाली आवृत्ती घ्या. नेटवर फुकट आहे, लायब्ररीत असेल तर उत्तमच. आणि स्टेशन शोधू नका, स्टेशन नाहीये. नमस्कार.