कान कापलेला दप्तरदार

[दृश्य: टॉवर ऑफ लंडन. व्हाइट टॉवरमधला दगडी चॅपल.]

1661. साठी ओलांडलेला विल्यम प्रिन इथं दप्तरदार म्हणून येतो, पगार वर्षाला 500 पौंड. याच किल्ल्यात तो एकेकाळी कैदी होता. नाटकांविरुद्ध हजारावर पानं लिहिली, त्यात राणीचा अपमान दिसला, म्हणून 1634 मध्ये त्याचे कान कापले. 1637 मध्ये बिशपांवर लिहिलं, तेव्हा कानांचा उरलेला भागही गेला आणि गालांवर ‘एस’ आणि ‘एल’ ही अक्षरं डागली. म्हणजे ‘सेडिशस लायबलर’, राजद्रोही निंदक. इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आर्चबिशप लॉड त्याचा हाडवैरी; ‘एस’, ‘एल’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘स्टिग्माटा लॉडिस’, ही तर लॉडची खूण, असं प्रिनचं म्हणणं. पुढे इंग्लंडमधली राजेशाही गेली; ती परत आणायला त्याने जोर लावला आणि नव्या राजाने, दुसऱ्या चार्ल्सने, त्याला हे काम दिलं.

[दृश्य: चॅपलचा अंधारा कोपरा, चर्मपत्रांचा ढीग.]

काम म्हणजे काय, तर हा ढीग. जळमटं, धूळ, कुबट वास. जुने कारकून हात लावायला तयार नव्हते. कपडे खराब होतात, डोळे जातात म्हणायचे. प्रिनने सैनिक आणि बायका कामाला लावल्या. त्या लवकरच कंटाळल्या आणि ढीग जवळपास होता तसाच राहिला. शेवटी तो स्वतःच कारकुनाला घेऊन दिवसचे दिवस धुळीत बसला.

शोध होता संसदेच्या निवडणुकांच्या रिटांचा. रिट म्हणजे राजाचा लेखी हुकूम, चर्मपत्राच्या अरुंद पट्टीवर, लॅटिनमध्ये. शेरीफ, म्हणजे राजाचा जिल्ह्यातला अधिकारी, निवडून आलेल्यांची नावं पाठीमागे किंवा जोडपट्टीवर लिहून ती परत पाठवायचा. परत आलेल्या पट्ट्या भोक पाडून दोरीत ओवत. दोरी कुजली की क्रम संपला. मग प्रत्येक पट्टीची तारीख वाचायची, आणि तीही राजाच्या कारकिर्दीतल्या वर्षाची. पट्टीवर नुसतं ‘एडवर्ड’ असलं, तर पहिला की दुसरा?

[दृश्य: पट्टीचा क्लोजअप. आक्रसलेली कड, उडालेली शाई.]

चर्मपत्र हवेतली ओल पितं. ओल जास्त झाली की फुगतं, बुरशी धरतं, थर एकमेकांना चिकटतात. वाळलं की ताठ होतं. जोर लावून उलगडलं तर घडीवर तडकतं. शाई माजूफळ आणि हिराकशीची. ती कागदात मुरते तशी चर्मपत्रात मुरत नाही, वरच बसते, म्हणून घासलं की अक्षरंच निघतात. आज अशी पट्टी आधी मऊ कोरड्या ब्रशने झाडतात, मग दमट हवेत हळूहळू सैल करतात आणि हलक्या वजनाखाली सपाट करतात. ओलं फडकं कधीच नाही. प्रिनकडे यातलं फारसं काही नव्हतं. त्याने ढीग निवडले, वाचले आणि 1662 मध्ये त्यातल्या रिटांच्या नकला छापल्या.

हे छापणं निःपक्षपाती नव्हतं. तो मुळात वकील, कागद शोधायचा तो बाजू मांडायला. समासात संदर्भांची इतकी दाटी की मजकूर गुदमरतो. समकालीन जॉन ऑब्रे सांगतो, डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून प्रिन पुढे आलेली लांब टोपी घालायचा आणि नोकर दर तीन तासांनी पाव आणि एल नावाच्या बिअरचा पेला आणून द्यायचा.

1666 च्या लंडनच्या मोठ्या आगीत त्याच्या मोठ्या दप्तरसंग्रहाच्या बऱ्याच छापील प्रती जळाल्या. मूळ दप्तर टॉवरमध्ये होतं, ते वाचलं. प्रिन 1669 मध्ये वारला. व्हाइट टॉवरमधल्या पट्ट्या लंडनमधल्याच चान्सरी लेनवरच्या नव्या सरकारी दप्तरखान्यात हलल्या त्या थेट 1850 च्या दशकात. तोवर बराच काळ त्यांच्या खालच्या मजल्यांवर बंदुकीच्या दारूची पिंपं रचलेली होती.