पास

[दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळ. पुलाच्या पायऱ्या.]

सव्वाआठची गर्दी. पुलावर एक ताई चालता चालताच पर्सचा आतला कप्पा चाचपते. प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी घातलेला पास. पाकीट जुनं, कडा पिवळ्या पडलेल्या. रेल्वे या कागदाला सीझन तिकीट म्हणते, पण आपण म्हणतो पास. "पास काढलास का?" "अगं, कालच संपला."

हाच शब्द निकालाच्या दिवशी पेढ्यांसोबत घरोघरी फिरतो. "पोरगी पास झाली!" आणि झाली नाही तर? इंग्रजीत त्याला 'फेल' म्हणतात. मराठीने मात्र नालायक, नापसंत या शब्दांतला फारसी 'ना' उचलला, इंग्रजी 'पास'ला जोडला आणि 'नापास' घडवला. मला हा शब्द फार आवडतो. लंडनमध्ये तो कुणाला कळायचा नाही, आपल्याकडे दुसरीतल्या मुलालाही समजावून सांगावा लागत नाही.

[दृश्य: फलाटाच्या कडेला थांबलेली पावलं.]

या सगळ्या अर्थांच्या मुळाशी आहे पाऊल. लॅटिनमध्ये 'पासुस' म्हणजे टाकलेलं पाऊल. त्यावरून पुढे जाणं, ओलांडणं. शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याला फांद्या फुटल्या. डोंगर ओलांडायची वाट म्हणजे पास. खैबरखिंडीला इंग्रजीत म्हणतात खैबर पास. ओलांडून गेलेला काळ तो 'पास्ट'. गाडीत बसलेला तो पॅसेंजर. यातला 'न' मुळात नव्हता, बोलता बोलता मध्ये शिरला. 'पॅशन' आणि 'पॅसिव्ह' कानाला जवळचे वाटतात, पण ते या घरातले नाहीत. त्यांचं मूळ सोसण्याच्या धातूत आहे.

रोमन लोक तर अंतरही पासुसनेच मोजत. डावा पाय टेकला की पुन्हा डावा टेकेपर्यंत एक पासुस, म्हणजे सुमारे दीड मीटर. असे हजार पासुस म्हणजे 'मिल्ले पासुस'. त्यातला 'मिल्ले', म्हणजे हजार, इंग्रजीत 'माइल' झाला आणि आपल्याकडे मैल. रोमन मैल आजच्यापेक्षा थोडा आखूड होता.

[दृश्य: रुळांवरून येणारी लोकल.]

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्यात आली. १४ डबे, ४०० पाहुणे, अंतर २१ मैल. रोमन पावलांनी मोजायचं, तर सुमारे २३ हजार पासुस.

फलाटावर लोकल लागली. ताईने पर्सची चेन ओढली, पदर खोचला आणि डब्यात पाऊल टाकलं.